मिनामाताची मांजरं आणि आपली सुकट

मे महिना सरत आला की कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत अगोटीची बेगमी सुरू होते. वलांडीवर टांगलेले बोंबील, जमिनीवर पसरलेला जवळा, करदी, सोडे, वाकट्या, खारवलेला बांगडा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यातल्या भाकरीबरोबर तोंडाला चव आणणारं असं हे एकच काहीतरी डब्यात असतं. ज्यांच्या घरी हा वास वर्ज्य आहे त्यांना त्याचं महत्त्व सांगून कळायचं नाही, आणि ज्यांच्या घरी तो आहे त्यांना सांगायची गरज नाही!

अधूनमधून वर्तमानपत्रात बातमी येते, 'सुक्या मासळीत जड धातू'. शिसं, कॅडमियम, पारा. बातमी वाचून काहीजण दोन आठवडे सुकट बंद करतात, काहीजण 'आमचे आजे-पणजे हेच खाऊन नव्वद वर्षं जगले' म्हणून पान उलटतात. दोन्ही प्रतिक्रिया मला अपुऱ्या वाटतात. कारण या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावर नव्हे तर जपानच्या एका लहानशा उपसागरावर घडलेला आहे. मिनामाता हे नाव बहुतेकांनी शाळेच्या पर्यावरणाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं असतं: 'पाऱ्यामुळे होणारा रोग'. त्या एका ओळीच्या आत काय काय आहे ते आज जरा सविस्तर लिहावं म्हणतो.

आधी एक साधी गोष्ट. मासा सुकवणं म्हणजे काय? तर त्यातलं पाणी काढून टाकणं. मीठ लावा, उन्हात टाका, धुरावर धरा, शेवटी उद्देश एकच, की जंतूंना जगायला लागणारं पाणी उरू नये. ओल्या बोंबलात तर दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. ते उडतं. पण पारा उडत नाही. माशाच्या अंगातला पारा बहुतांशी मिथिलपारा या रूपात असतो आणि तो स्नायूंतल्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटून बसलेला असतो. त्याला ऊन लागत नाही, मीठ लागत नाही, उकळतं पाणीही लागत नाही. माशाचं वजन चौथ्या हिश्शावर आलं तर दर किलोमागचं पाऱ्याचं प्रमाण चौपट होतं. मासा तोच, पारा तोच, फक्त तागडीतलं वजन बदललं. हे गणित पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आता मिनामाता.

जपानच्या दक्षिणेला क्युशू नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या पश्चिम अंगाला कुमामोतो प्रांत, आणि त्या प्रांतात शिरानुई नावाच्या शांत, जवळजवळ तळ्यासारख्या समुद्राच्या काठी मिनामाता. मूळचं मासेमारी, शेती आणि मिठाचं गाव. 1908 मध्ये इथे एका कंपनीचा खतकारखाना आला. हीच पुढची चिस्सो. 'चिस्सो' या जपानी शब्दाचा अर्थच नायट्रोजन. कारखान्याबरोबर रोजगार आला, वीज आली, बाजारपेठ आली. गावाचं शहर झालं. 1926 मध्ये आणि पुन्हा 1943 मध्ये सांडपाण्याने मासळी कमी झाली म्हणून कोळ्यांनी तक्रार केली, कंपनीने थोडीफार भरपाई देऊन ती मिटवली.

1932 मध्ये कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनू लागलं. ॲसिटिलीन वायू पाण्याशी जोडायचा तर मधे एक मध्यस्थ लागतो, आणि तो होता पाऱ्याचा क्षार. या प्रक्रियेतच थोडा पारा मिथिलपारा बनतो, आणि तो सांडपाण्याबरोबर हाक्केन बंदरातून थेट उपसागरात जात होता. युद्धानंतर प्लॅस्टिकचा जमाना आला. प्लॅस्टिक मऊ करायला लागणारी रसायनं याच ॲसिटाल्डिहाइडपासून बनत, त्यामुळे पन्नासच्या दशकात उत्पादन वाढतच गेलं. ही प्रक्रिया ज्यांनी विकसित केली ते कारखान्याचे माजी प्रमुख हाशिमोतो 1950 मध्ये शहराचे महापौर झाले. गाव आणि कारखाना यांच्यात वेगळी रेघ मारणं किती कठीण होतं ते एवढ्यावरूनच समजावं.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला उपसागरात मासे उलटे होऊन तरंगू लागले. कावळे उडता उडता खाली पडू लागले. आणि मांजरं नाचू लागली. कोळ्यांच्या वस्तीत मांजरं माशांच्या उरल्यासुरल्यावरच जगतात. ती लटपटत चालत, गोल गोल फिरत, भिंतीवर आपटत, काही सरळ समुद्रात पडत. लोकांनी त्याला 'मांजरांचा नाचरोग' असं नावही दिलं. 1954 च्या ऑगस्टमध्ये स्थानिक वर्तमानपत्रात एक छोटीशी बातमी आली, की एका वस्तीतली मांजरं संपली आणि उंदरांचा सुळसुळाट झाला आहे, काहीतरी करा. बातमी होती उंदरांची! मांजरं का मेली हा प्रश्न तेव्हा बातमीच्या कडेला पडून राहिला.

21 एप्रिल 1956 रोजी पाच वर्षांच्या एका मुलीला इस्पितळात आणलं गेलं. चालता येईना, बोलता येईना, झटके येत होते. दोन दिवसांनी तिची धाकटी बहीणही तशीच आली. आईने शेजारच्या घरातही असंच झाल्याचं सांगितलं. इस्पितळ कारखान्याचंच होतं आणि तिथले प्रमुख डॉक्टर होते हाजिमे होसोकावा. 1 मे 1956 रोजी त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं, की मज्जासंस्थेच्या एका अज्ञात रोगाची साथ दिसते आहे. हाच दिवस मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाचा दिवस मानतात.

साथ म्हटल्यावर पहिला संशय संसर्गाचा. रुग्णांना वेगळं ठेवलं, घरांवर जंतुनाशक फवारलं. शेजारी तोंड फिरवू लागले, दुकानदार पैसे हातात घेईनात. आधीच गरिबी, त्यात हा बहिष्कार.

पण इथे एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. शास्त्र इथे मागे पडलं नव्हतं. ऑगस्ट 1956 मध्ये कुमामोतो विद्यापीठाचा अभ्यासगट नेमला गेला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं, की हा संसर्ग नाही, ही कुठल्यातरी जड धातूची विषबाधा आहे, आणि ती मासे व शिंपल्यांतून शरीरात जाते. म्हणजे पहिल्या नोंदीपासून सहा महिन्यांत 'काय खाऊ नये' हे कळलं होतं. कुठला धातू, हे कळायचं होतं. मँगनीज म्हणा, सेलेनियम म्हणा, थॅलियम म्हणा, एकेक नाव पुढे येत होतं आणि मागे पडत होतं.

आता खरा प्रश्न असा होता, की मासे बंद करायचे का? जपानमध्ये अन्नस्वच्छतेचा कायदा होता. 1957 मध्ये प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तो लावून उपसागरातली मासळी पकडणं-विकणं थांबवावं का, असं केंद्रातल्या आरोग्य मंत्रालयाला विचारलं. सप्टेंबरमध्ये उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा, की मिनामाता उपसागरातले सगळेच्या सगळे मासे आणि शिंपले विषारी आहेत असा स्पष्ट पुरावा नाही, सबब कायदा लावता येणार नाही.

हे उत्तर पुन्हा वाचा. सगळेच्या सगळे! म्हणजे शेवटचा मासासुद्धा विषारी असल्याचं सिद्ध होईपर्यंत विक्री चालू राहील. असा पुरावा जगात कधी कोणाला देता येईल? आणि हे अशा देशात, जिथे 1949 मध्ये शिझुओका प्रांतात हामाना सरोवरातल्या शिंपल्यांनी माणसं दगावली तेव्हा, शिंपल्यात नेमकं कुठलं विष आहे हे ठाऊक नसतानाही, तिथल्या अधिकाऱ्यांनी हाच कायदा लावून शिंपले बंद केले होते. तोशिहिदे त्सुदा या साथरोगतज्ज्ञांनी या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून हाच मुद्दा मांडला आहे. थोडक्यात काय, तर मासा थांबवायला विषाचं नाव लागत नाही. कशाने माणसं आजारी पडतात एवढं कळलं की पुरतं. लंडनमध्ये 1854 साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या वेळी पंपाचा दांडा काढायला लावला तेव्हा पटकीचा जंतू तरी कुठे कोणाला समजला होता?

मिनामातात दांडा कोणी काढला नाही. सरकारने बंदी न घालता 'खाऊ नका बरं' असा सल्ला दिला. मासेमारी संस्थेने आपणहून उपसागरात जाळी टाकणं आवरतं घेतलं. पण ज्याच्या घरात दुसरं खायला नाही तो काय करणार? कोळ्याच्या घरी मासे म्हणजे जोडीला नव्हे, पोटाला. शिरानुईच्या काठी लहान तारलीसारखे मासे उकडून उन्हात वाळवायची जुनी रीत आहे. त्यांना 'इरिको' म्हणतात, आणि जपानी रश्शाचा स्वाद त्यातूनच येतो. आपल्याकडे जशी सुकट, तशी त्यांच्याकडे इरिको. ओला मासा गावात संपतो, वाळलेला प्रवास करतो. मासे खाणारी माणसं एका उपसागराच्या काठावरच बसलेली नव्हती.

हे किती दूरवर गेलं होतं ते केसांनी सांगितलं. पारा केसांत साठतो आणि केस जसजसा वाढतो तसतशी जणू डायरी लिहीत जातो. 1960 पासून तीन वर्षं प्रांताच्या आरोग्य संशोधन संस्थेने शिरानुईच्या काठच्या सुमारे 2,700 लोकांचे केस तपासले. इतर ठिकाणच्या लोकांच्या केसांत सरासरी 4 पीपीएम पारा सापडत होता. मज्जासंस्थेवर परिणाम दिसू लागण्याची पातळी पुढे साधारण 50 पीपीएम मानली गेली. समुद्रापलीकडच्या गोशोनौरा बेटावरच्या एका बाईच्या केसांत सापडला 920 पीपीएम! मिनामातापासून दूर, मधे अख्खं पाणी. तिला कोणी मिनामाता रोगाची रुग्ण म्हणून तेव्हा तपासलं नाही. तीन वर्षांनी ही पाहणीच बंद झाली.

पुन्हा थोडं मागे जाऊ. सप्टेंबर 1958 मध्ये कंपनीने सांडपाण्याची वाट बदलली. हाक्केन बंदराऐवजी ते मिनामाता नदीच्या मुखाशी सोडलं. काही महिन्यांतच नदीच्या मुखाशी आणि उत्तरेकडच्या गावांत नवे रुग्ण दिसू लागले. कारखान्याने नकळत आपल्याच विरुद्ध प्रयोग करून दाखवला होता. 1959 मध्ये बंदराच्या गाळाची तपासणी झाली तेव्हा नाल्याच्या तोंडाशी टनाला सुमारे दोन किलो पारा निघाला. 22 जुलै 1959 रोजी विद्यापीठाने जाहीर केलं, की विष म्हणजे पारा.

डॉ. होसोकावा मात्र आपल्या परीने शोध घेत होते. कारखान्याच्याच प्रयोगशाळेत त्यांनी मांजरांना निरनिराळ्या विभागांचं सांडपाणी अन्नावर घालून द्यायला सुरुवात केली होती. 400 क्रमांकाच्या मांजराला ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी मिळत होतं. ऑक्टोबर 1959 मध्ये ते मांजर लटपटू लागलं, झटके देऊ लागलं. होसोकावांनी वरिष्ठांना सांगितलं. प्रयोग पुढे नेऊ नका असा निरोप आला, आणि निष्कर्ष फायलीत गेला. 1970 मध्ये, इस्पितळात अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी न्यायालयापुढे याची साक्ष दिली. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्याविषयी काय वाटावं हे मला आजही नीट ठरवता येत नाही. रोग जगापुढे आणणारेही तेच, दहा वर्षं गप्प राहिलेलेही तेच. कारखान्याच्या पगारावर असलेल्या प्रामाणिक माणसाची कोंडी म्हणजे काय, ते या एका आयुष्यात दिसतं.

त्या वर्षअखेरीस तीन गोष्टी झाल्या. नोव्हेंबरमध्ये अन्नस्वच्छता मंडळाने आरोग्यमंत्र्यांना अहवाल दिला, की कारण सेंद्रिय पारा आहे, आणि लगोलग हा अहवाल तयार करणारा अभ्यासगटच बरखास्त झाला. डिसेंबरमध्ये कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र थाटामाटात सुरू झालं आणि कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातलं पाणी पिऊन दाखवलं. त्या पाण्यात ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी नव्हतंच, आणि ते यंत्र पारा काढण्यासाठी बनवलेलंही नव्हतं. आणि 30 डिसेंबरला रुग्णांशी करार झाला: मृतासाठी 3 लाख येन, आजारी प्रौढाला वर्षाला 1 लाख, मुलाला 30 हजार. नाव 'सहानुभूतीची रक्कम'. सोबत अट अशी, की पुढे कारखानाच दोषी ठरला तरी आणखी काही मागायचं नाही. ज्याच्या घरात नववर्षाला तांदूळ नाहीत, त्याने सही केली.

याच सुमारास एक दुसरा सिद्धांतही पुढे आला. टोकियोच्या एका नामांकित संस्थेतले प्राध्यापक कियोउरा यांनी मांडलं, की हा पारा नसून कुजलेल्या मासळीतल्या अमाइनची बाधा असावी. म्हणजे दोष खाणाऱ्याचा! गरीब लोक, शिळंपाकं खातात, आजारी पडतात. हा सिद्धांत टिकला नाही, पण त्याने हवी तेवढी धूळ उडवली. आजही 'सुकी मासळी मुळातच अस्वच्छ' असं कोणी नाक मुरडून म्हणालं, की मला हा अमाइनचा सिद्धांत आठवतो. माशी बसणं, वाळू लागणं, बुरशी येणं हे प्रश्न आहेतच. पण वाळूचा प्रश्न आणि पाऱ्याचा प्रश्न एक नव्हे. पहिला वाळवणाऱ्याच्या हातातला आहे, दुसरा त्याच्या हातात कधीच नव्हता.

आणि मग मुलं. मिनामाताच्या कोळीवस्त्यांत जन्मापासूनच मान न धरणारी, हातपाय आखडलेली मुलं मोठ्या संख्येने जन्मत होती. डॉक्टर म्हणत, हा मेंदूचा जन्मजात पक्षाघात, कारण या मुलांनी मासे खाल्लेलेच नाहीत. मासाझुमी हाराडा नावाचे तरुण डॉक्टर घरोघर फिरत होते. एका घरी त्यांना दोन भाऊ दिसले, दोघांचीही लक्षणं सारखीच. आईने सांगितलं, थोरल्याला मिनामाता रोग आहे आणि धाकट्याला पक्षाघात. का? तर धाकट्याने मासा खाल्ला नाही म्हणून, असं डॉक्टरच सांगतात. पण तिला ते पटत नव्हतं. तिचं म्हणणं, मासे मी खाल्ले तेव्हा हा माझ्या पोटात होता.

वैद्यकशास्त्र तेव्हा मानत होतं, की वार विषाला अडवते. ती बाई म्हणत होती, की अडवत नाही. बाई बरोबर होती. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये 16 मुलांचा रोग जन्मजात मिनामाता म्हणून मान्य झाला.

यातला पुढचा भाग मला सगळ्यात जास्त हलवून गेला. जपानमध्ये बाळाची नाळ वाळवून छोट्याशा लाकडी पेटीत जन्मभर जपून ठेवायची रीत आहे. हाराडांनी त्या नाळा मागायला सुरुवात केली. आयांनी पेट्या उघडून दिल्या. वाळलेल्या नाळेत मिथिलपारा जसाच्या तसा होता! कुठल्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या नाळेत किती, हे मांडत गेल्यावर आलेख कारखान्याच्या ॲसिटाल्डिहाइड उत्पादनाबरोबर चढला आणि उतरला. निशिगाकी आणि हाराडा यांचा हा अभ्यास 1975 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. सुकवल्याने पारा जात नाही हे शास्त्राला कारखान्याच्या वहीतून कळलं नाही, आयांच्या पेटीतून कळलं.

1965 मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, निगाता प्रांतात आगानो नदीकाठी, हाच रोग पुन्हा उपटला. कारखाना दुसरा, शोवा डेंकोचा. प्रक्रिया तीच. मिनामाताचा धडा वेळेवर घेतला असता तर हे टळलं असतं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं नाही. शेवटी 26 सप्टेंबर 1968 रोजी जपान सरकारने मान्य केलं, की मिनामाता रोगाचं कारण चिस्सोच्या सांडपाण्यातला मिथिलपारा आहे. पहिल्या नोंदीनंतर बारा वर्षांनी. आणि योगायोग बघा, कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात ती प्रक्रिया बंद केली होती, कारण ती जुनी झाली होती. सत्य चार महिने थांबलं, यंत्र निवृत्त होईपर्यंत.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. 1969 मध्ये खटला उभा राहिला, त्याच वर्षी मिचिको इशिमुरे यांचं 'कुगाइ जोदो' हे पुस्तक आलं. 20 मार्च 1973 रोजी निकाल रुग्णांच्या बाजूने लागला आणि तो 'सहानुभूती'चा करार न्यायालयाने रद्दबातल ठरवला. 1977 ते 1990 या काळात उपसागरातला सुमारे 15 लाख घनमीटर गाळ उपसून, भराव घालून 58 हेक्टर जमीन तयार केली. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून 1974 मध्ये उपसागराच्या तोंडावर लावलेलं जाळं 1997 मध्ये, मासळी सुरक्षित असल्याचं जाहीर झाल्यावर, काढलं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकार आणि प्रांत यांनाही जबाबदार धरलं. 2013 मध्ये पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मिनामाताचंच नाव दिलं, आणि भारताने तो 2018 मध्ये मंजूर केला. तरीही रुग्ण कोणाला म्हणायचं हा वाद संपलेला नाही. 2023 मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने 128 जणांना, ज्यांना सरकारी मदतीच्या चौकटीत जागा मिळाली नव्हती, रुग्ण मानून भरपाई देववली. पुढच्या वर्षी 1 मे रोजी पर्यावरणमंत्र्यांबरोबरच्या बैठकीत बोलणाऱ्यांची तीन मिनिटं संपली म्हणून ध्वनिक्षेपक बंद केला गेला, आणि मंत्र्यांना नंतर माफी मागावी लागली.

आता आपल्या सुकटीकडे येऊ.

पहिली गोष्ट, प्रमाणाचं भान. मिनामाताच्या उपसागरातल्या मासळीत किलोला पाचापासून पस्तीस मिलिग्रॅमपर्यंत पारा सापडला होता. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत माशासाठी साधारण मर्यादा किलोला अर्धा मिलिग्रॅम अशी आली आहे. त्यामुळे बाजारातली सुकट म्हणजे मिनामाता असं म्हणणं चूक, आणि ते म्हणून लोकांना घाबरवणं त्याहून चूक. त्यात पहिला मरतो तो वलांडीवर राबणारा.

दुसरी गोष्ट, ते सुरुवातीचं गणित. समजा ओल्या माशात किलोला 0.1 मिलिग्रॅम मिथिलपारा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. 50 किलोच्या बाईला आठवड्याला 80 मायक्रोग्रॅम. म्हणजे असा ओला मासा 800 ग्रॅम. तोच वाळून चौथ्या हिश्शावर आला, तर 200 ग्रॅम. सुकवण्याने विष वाढलं नाही, पण '200 ग्रॅम तर खाल्ले' या वाक्याचा अर्थ बदलला. बातमीत 'मर्यादेपेक्षा जास्त' असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: मोजमाप सुक्या वजनावर आहे की ओल्या? युरोपीय संघाच्या नियमांत वाळवलेल्या पदार्थासाठी किती ओलावा उडाला ते धरून मर्यादा काढायची तरतूद आहे. बातमीत मात्र हा भेद क्वचितच असतो.

तिसरी गोष्ट, कुठला मासा. पारा अन्नसाखळीत वर वर साठत जातो. लहान माशाला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत संपणारी मांदेली, जवळा, बोंबील यांत पारा सहसा कमी, आणि दीर्घायुषी शिकारी माशांत, म्हणजे खारवून वाळवलेली मुशी, मोठी सुरमई यांत जास्त. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मुशीसारखे मोठे मासे टाळावेत, हा सल्ला मिनामाताच्या त्या आईच्या अनुभवातूनच आलेला आहे. जवळ्याची गोष्ट वेगळी. तो डोक्यासकट, पोटासकट खातात, आणि कॅडमियम नेमकं पोटातल्या ग्रंथीत साठतं. (कॅडमियमचीही जपानमध्येच वेगळी शोकांतिका झाली, जिन्झू नदीकाठी, तांदळातून. हाडं मोडेपर्यंत दुखणारा इताइ-इताइ रोग. 1968 मध्येच तोही मान्य झाला.) सुकट धुऊन, निवडून घेतल्याने वाळू जाते, मीठ जातं, रस्त्याकडेची धूळ आणि तिच्यातलं शिसंही काही प्रमाणात जातं. स्नायूतला पारा जात नाही. म्हणून उपाय एकच, आलटून पालटून खावं, लहान मासा अधिक, मोठा शिकारी क्वचित.

पण खाणाऱ्याने एवढं करून प्रश्न संपतो, असं म्हटलं तर आपण पुन्हा त्या 1957 च्या सल्ल्यापाशी येतो, 'खाऊ नका बरं'. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई चाळून, धुऊन, निवडून घेईल, पण खाडीत काय सोडलं जातं ते तिच्या चाळणीतून दिसत नाही. ते बघायचं काम ज्यांचं आहे त्यांनी नियमाने मासळी तपासावी, ओली आणि सुकी दोन्ही, आणि कुठल्या बंदराची, कुठल्या जातीची, किती, हे साध्या मराठीत जाहीर करावं. काही सापडलं, तर विषाचं पूर्ण नाव-गाव कळेपर्यंत थांबू नये. आणि बंदी घालावी लागली, तर ती ज्याच्या पोटावर येते त्याला भरपाई मिळावी, 'सहानुभूती' नव्हे.

मांजरांनी दोन वर्षं आधी सांगितलं होतं. बातमी मात्र उंदरांची छापून आली. पुढच्या वेळी 'सुक्या मासळीत जड धातू' असा मथळा दिसला, तर सुकट फेकण्याआधी किंवा पान उलटण्याआधी एवढंच शोधावं, की हा धातू पाण्यात आला कुठून. ते ज्या बातमीत लिहिलेलं नाही, ती अजून उंदरांचीच बातमी आहे.